एक्केचाळीस वजा एक

डकोटातलं एप्रिलचं वादळ सरलं तेव्हा
ऑर्विल ट्वेटने चाळीस वासरांचे फोटो काढले,
कानातल्या बिल्ल्यांसकट.
एक सापडलंच नाही.
त्याच्या मरणावर
शेजारच्या लेनर्टने सही केली.

नवव्या दिवशी बर्फ खचला
आणि गंजीच्या पोटातून ते बाहेर आलं,
बरगड्या मोजून घ्याव्यात असं,
तोंडात काड्या,
चिडलेलं.

ऑर्विल पुन्हा साठ मैल, काउंटी ऑफिसात.
डार्लाने अर्ज उलटसुलट पाहिला.
वीज, पूर, लांडगा, थंडी...
परत आलं, असा रकानाच नव्हता.

फोटो नाही म्हणून ती एक ओळ
तिने पेन्सिलीनं लिहिली होती.
ती खोडली. चुरा फुंकताना
दोघंही जरा हसले.

बाकीचे चाळीस
शाईत.