वीस टक्के

मेडिकल चौकात दुकान.
पाटी माझ्याच अक्षरात : सर्व औषधांवर वीस टक्के सूट.

ढोबळे मावशी शुगरच्या गोळ्यांची पट्टी
ट्यूबलाइटखाली तिरपी धरून
छापील किंमत वाचतात. एकशे चाळीस.
मी एकशे बारा म्हणतो.
त्या खूश, अठ्ठावीस रुपयांत नातवाची रंगपेटी.

गांधीबागेतून हीच पट्टी
अठरा रुपयांना येते.

"नंबर सांगा, कार्डावर पॉइंट चढवतो."
एकेक आकडा त्या जपून सांगतात,
देवापुढे नाव-गोत्र सांगावं तसा.
नंबर, शुगर, गोळ्या संपायची तारीख
रात्री कंपनीला जाते.
त्याचे पैसे वेगळे.

काल म्हणाल्या,
"एवढं सोडता बाप्पा, तुमाले परवडते कसं?"

मी सुटे मोजत होतो.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.