पाव घटका

आमच्या फर्ममध्ये दिवस सहा-सहा मिनिटांनी चिरतात.
सहा मिनिटं, म्हणजे जुन्या हिशेबानं पाव घटका.
तेवढ्यात केटली उकळते,
एका ई-मेलला उत्तर जातं,
किंवा एखादी मुलगी जिन्यात रडून, तोंड धुऊन
जागेवर परत येते.
ई-मेलला कोड आहे.

दर शुक्रवारी मी सगळ्यांचे तास गोळा करते. एकवीस वर्षं.
कुणाच्या दुधात पाणी किती, मला वासावरून कळतं.
बिल लावता येतं ते वर.
येत नाही ते तळाशी : नऊ हजार नऊशे, इतर.
इतर म्हणजे खिजगणतीत नसलेलं.

मार्चमध्ये एफी मेल्ड्रमनं राजीनामा दिला.
एकोणीस वर्षं ऑडिटमध्ये, पार्टनर नाही.
कार्ड फिरलं. कुणी तरी लिंबाचा केक आणला.
तिला लिंबू चालत नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं,
आणि तिनं खाल्ला.

त्याच आठवड्यात मॉर्वेन ड्युगिडनं
भिंतीवर वाढीची रेघ दाखवली :
तीन वर्षांत दीडपट, एडिनबराला दुसरं ऑफिस.
रेघ सरळ वर जात होती,
कधी चढ न चढलेल्या माणसानं काढावी तशी.
खिडकीबाहेर समुद्रावरून धुकं येत होतं.
इथे अ‍ॅबर्डीनला त्याला हार म्हणतात.
गळ्यात पडतो तोही हार,
पत्करावी लागते तीही हार.
समोरच्या ग्रॅनाइटच्या इमारती
एकेक करून पुसल्या गेल्या
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मे महिन्यात एबेले गेली. मग मन्रो.
मग पगारपत्रकं बघणारी दोघं, एकाच सकाळी.
‘पैसे कमी पडले का?’ मॉर्वेननं विचारलं.
मी म्हटलं, ‘एफीचे तास काढून देऊ?’

एकोणीस वर्षांचं इतर.
रात्री नऊपर्यंत वाचत बसलो दोघी.
०.३, एबेले. पहिला ताळेबंद. घाबरली आहे.
०.५, मन्रो. वडील गेले. ताळेबंदाचं बोललो नाही.
०.२, जिना.
०.१, जिना.
०.४, मासळीवाले रिची यांचा फोन. कामाचं काही नाही.
बायकोचं ऑपरेशन.
रिची आमचे सर्वांत जुने क्लायंट.
दरवर्षी कुरकुर न करता फी वाढवून देतात,
आणि ते आपल्या प्रेझेंटेशनमुळे,
असं मॉर्वेन समजत आली होती.
तिनं चष्मा काढला. पुसला नाही.

‘ह्याला कोड देऊ या,’ शेवटी म्हणाली.
‘नको,’ मी म्हटलं.
कोड आला की टार्गेट येईल,
टार्गेट आलं की लोक रडायलाही
कॅलेंडरवर वेळ मागतील.
एकवीस वर्षांत मी तिला पहिल्यांदाच नको म्हटलं.

ती फिटीला गेली, कोळ्यांच्या जुन्या घरांत,
एफीकडे. पार्टनरशिपचा कागद पर्समध्ये होता.
एफीनं चहा दिला. कागद बाहेर निघालाच नाही.
निघताना तिनं एवढंच विचारलं :
‘दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला
दिवा बदलला का गं?’

एडिनबरा एक वर्ष पुढे गेलं.
दिवा बदलला.
गुरुवारी चारच्या सुमाराला मॉर्वेन
मग घेऊन तिसऱ्या पायरीवर बसते,
गुडघे जवळ घेऊन, परीक्षेला आल्यासारखी.
चार गुरुवार कुणी फिरकलं नाही.
लोक लिफ्टनं जाऊ लागले.

काल तिचे तास आले.
सगळे वर, बिलाचे, नीट.
तळाशी एकच ओळ :
०.१, जिना.
नाव लिहिलं नव्हतं.

कोड विचारायला मी फोन उचलला
आणि ठेवून दिला.
बेरीज पाव घटकेनं चुकते आहे.
चुकू दे.