शेवटून पहिली

चर्च स्ट्रेटनच्या स्टेशनासमोर
रविवारी पावणेनऊला आम्ही नऊजण जमतो.
कोणाची साखळी कुरकुरते, कोणाची कंबर,
मॉरीन म्हणते दोन्हींवर तिच्याकडे एकच तेल आहे.
मॉरीन एकाहत्तरची. चढावर गप्पा मारते.
आम्ही ऐकतो,
बोलायला दम लागतो.

गाव संपतं तिथे रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी,
मेंढ्यांनी गावात येऊ नये म्हणून.
तिच्यावरून जाताना दात वाजतात
आणि लगेच, ना ओळख ना पाळख,
बरवेचा चढ अंगावर येतो.
एका हाताला नेचे, दुसऱ्या हाताला नुसती हवा,
हवेच्या तळाशी ओढा.

मी वाईची. घाट मला नवे नाहीत,
पण पसरणीचा घाट मी चढले ती खिडकीत बसून,
लिंबू हुंगत, डोळे मिटून.
आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तेच पोट घेऊन
पायांनी चढते आहे.
सगळ्यात हलका गिअर टाकलाय.
याहून हलका नाही. दोनदा पाहिलं.

इथल्या यादीत मी मॅन्डी.
मंदाकिनी म्हणताना ग्रेअमला धाप लागली होती,
तीही सपाटीवर.
चालायचंच. पलीकडच्या खेड्याचं नाव लिहितात रॅटलिंगहोप
आणि म्हणतात रॅचप.
या टेकड्यांत नावंसुद्धा
ओझं खाली ठेवून चढतात.

सगळ्यांत पुढचा हात खाली करून दाखवतो: खड्डा.
दुसरा ओरडतो, तिसरी ओरडते,
आग लागल्यावर बादल्या द्याव्यात
तसा शब्द हातोहात मागे येतो
आणि माझ्यापाशी थांबतो, काठोकाठ भरलेला.
माझ्या मागे कोणी नाही.

पूर्वी असायचा. एल्विन.
तीस वर्षं याच वळणांवर टपाल टाकलेला माणूस.
मुद्दाम शेवटी राहायचा.
मला उशीर होत नाही, म्हणायचा,
मी तुमचा उशीर गोळा करत येतो.
मी हरून सायकल ढकलायला लागले की तोही उतरायचा
आणि वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा.
त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या
हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याची सायकल बंद केली.

माथ्यावर हेदर जांभळं झालंय, मैलभर.
पाणी प्यायला तोंड उघडावं तर वाराच आधी आत शिरतो.
डोक्यावरून एक ग्लायडर गेला,
आवाज नाही, घाम नाही;
मॉरीनने त्याच्याकडे पाहून नाक मुरडलं
आणि ओटच्या चिकट वडीचे तुकडे वाटले.

उतार मात्र माझा.
तिथे वजन कामाला येतं, मी कोणालाही गाठू शकते.
पण कॅलम नवा आहे. तेवीस वर्षांचा, चढावर हरीण,
उतारावर दोन्ही ब्रेक मुठीत धरून
पांढरा पडतो.
पहिल्या वळणावर तो थांबला.
मीही थांबले आणि घंटी तपासली.
घंटी ठीक होती.
वाजवून बघितली, बराच वेळ.
मग तो निघाला.

तिसऱ्या वळणाला तो ओरडला, होल!
मी मागे वळून रिकाम्या रस्त्याला सांगितलं,
खड्डा!
पूर्ण आवाजात, मराठीत.
एका मेंढीने चघळणं थांबवलं.
मग पुन्हा सुरू केलं.

रॅचपच्या पबबाहेर एल्विन बाकावर बसला होता,
बायको त्याला गाडीने सोडून जाते.
किती वेळ लागला, त्याने विचारलं नाही.
उतरलीस का चढावर, तेही नाही.
तिसऱ्या वळणावरचा तो, म्हणाला, आहे अजून?
आहे, मी म्हटलं. वाढलाय.

नातवाची उंची ऐकावी
तसा त्याचा चेहरा झाला.