सांधा

भुसावळला मे महिन्यात भरदुपारी
दुकानात कुणी येत नाही.
कूलरला मी बादली घालते,
संगणक चक्र फिरवत बसतो
नवरदेवाच्या मामांच्या नावावर.

हेमांगी झोपेने पेनड्राइव्ह काढला
ओढणीच्या गाठीतून.
"काकू, आधी नुसतं बघा. आत काही टाकायचं नाही.
नाही पटलं तर काढून घ्यायचं, तुमचं तुम्हाला."
मुलगी बघायला येतात तेही असंच म्हणतात, मी म्हटलं.
ती हसली नाही. तिचं लक्ष एफ-बारावर होतं.

पडदा उजळला. तेच यंत्र,
तोच चिकटपट्टी लावलेला माउस,
पण बाण कुठे अडखळेना.
मी उगाच खिडक्या उघडल्या, मिटल्या.
प्रिंटरने सीडी न मागता कागद ओढला.
स्कॅनर मात्र रुसला, तो अजून रुसलेलाच आहे.

मग वाटणी.
पाचशे जीबीची आडवी पट्टी समोर,
त्यातून साठ तोडून द्यायचे.
आमच्याकडे बांध वीतभर सरकला
तर यावलच्या कोर्टात दोन पिढ्या तारखा घेतात.
इथे मी बांध माउसने धरला
आणि ओढला.
कुणी कुऱ्हाड घेऊन आलं नाही.
तरी हाताला घाम होता.
त्या पट्टीत चौदा हंगामांच्या लग्नपत्रिका होत्या.
आदल्या रात्री मी त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या,
एकदा हेमांगीने सांगितलं म्हणून,
एकदा माझं मलाच राहवेना म्हणून.

"आणि विंडोज नीट झोपवा," ती म्हणाली.
"बंद केलं तरी एक डोळा उघडा ठेवतं,
कडी आतून लावून घेतं."
तशी माणसं मला माहीत आहेत.

काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या,
खाली आकडा उतरायला लागला. दहा. नऊ.
नामदेवअण्णा, माझे सासरे, चहाची बशी घेऊन मागे उभे.
"हे काय विचारतंय?"
कुठे जायचं ते. नाही सांगितलं तर आपलं आपण वरच्या ओळीवर जातं.
अण्णांनी बशी ठेवली.
यार्डात तेहतीस वर्षं दांडा ओढलेला माणूस.
"म्हणजे सांधा," ते म्हणाले.
"पूर्ण बसू दे. अर्ध्यात हात काढू नको."
चार. तीन.
त्या उन्हात मी त्यांना एवढं खूश
पेन्शनच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

मला हे फार अवघड गेलं नाही.
अमळनेरहून आईचा फोन आला की माझ्या तोंडी "शे",
काउंटरवर गिऱ्हाईक आलं की "आहे".
मध्ये दहा आकडे कुणी मोजत नाही.

अवघड गेल्या त्या जुन्या पत्रिका.
नव्या बाजूने उघडल्या तर
कुलस्वामिनीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा,
मध्ये मध्ये अर्धविराम.
तो टंक त्या बाजूलाच राहतो, इकडे येत नाही.
म्हणून भंगाळ्यांची मुलगी, फालकांचा मुलगा,
ज्यांची लग्नं मी लावली, म्हणजे छापली,
ती सगळी पलीकडच्या खोलीत.
हिशेब, पत्रं, माझं वाचन अलीकडे.
जाते-येते.

एक गंमत अजून निस्तरायची आहे.
इकडून तिकडे गेलं की
घड्याळ साडेपाच तास मागे पडतं.
हेमांगी म्हणते, एक ओळ टाइप करायची, रात्री सांगते.
रात्री तिची परीक्षा असते, किंवा झोप.
सकाळी अकराला अण्णा डोकावतात, साडेपाच वाजलेले दिसतात,
आणि त्यांचे पाय बूट शोधायला लागतात.
काल एका गिऱ्हाइकाने पावती उलटसुलट पाहिली,
म्हणाला, "ताई, एवढ्या पहाटे दुकान उघडता?"

मी म्हटलं,
कधी कधी.