चाळिसावी शेळी

तकबेरच्या तंबूला दार नव्हतं,
त्यामुळे उशिरा येणाऱ्यालाही आत यायची लाज वाटत नसे.
आम्ही नऊ पोरं, एक पोरगी,
दहा लाकडी पाट्या, वापरून तेलकट झालेल्या.
शाई घरचीच: कोळसा, बाभळीचा डिंक, घोटभर पाणी.
बोरू ती स्वतः तासायची, टोक दातांनी नीट करायची.

"'वाच' हा शब्द सगळ्यांत आधी उतरला," ती सांगे,
"आणि ज्याच्यावर उतरला त्याला वाचता येत नव्हतं.
तेव्हा ईसलमू, तुझी सबब चालायची नाही."

पाठ झालं की पाटी धुवायची.
ते काळं पाणी वाळूत ओतायचं नाही, पाय पडतो.
प्यायचं.
सातव्या वर्षापर्यंत कितीतरी आयती
अशा डिंकाच्या चवीनं माझ्या पोटात गेल्या,
अर्थ फार मागाहून आला, धापा टाकत.

विहीर आटली त्या उन्हाळ्यात वुझूला पाणी नव्हतं.
तिनं तळवे वाळूवर टेकले, फुंकर मारली,
चेहऱ्यावरून फिरवले, मग हातांवरून.
मातीनं माणूस स्वच्छ होतो?
"दोघं एकाच घरचे," ती म्हणाली,
आणि कपाळ जमिनीला लावलं.
कपाळ एकच, म्हणून ते एकालाच.
टोळीच्या सरदारालाही नाही, सावकाराला तर नाहीच.
त्याला ना बाप, ना लेक, ना जोडीदार.
त्याचं चित्र का काढायचं नाही, हे मी विचारलं तेव्हा
तिनं काडीनं वाळूत एक रेघ ओढली:
"रेघ आली की कड आली. त्याला कड कुठं आहे?"

नमाज संपताना मान उजवीकडे, मग डावीकडे, सलाम,
शेजारी कुणी नसलं तरी.
"खांद्यांवर दोघे आहेत. एक बरं लिहितो, एक वाईट."
त्या रात्री मी डावा खांदा खाली टेकूनच झोपलो नाही.
सकाळी विचारलं: त्याची पाटी कधी धुतात का?
रमजानातल्या भर दुपारी
तिच्या मडक्यातले तीन खजूर मी खाल्ले होते.
तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.
"रोजा तुझ्यावर अजून नव्हताच. चोरी मात्र होती."
मग थोड्या वेळानं:
"धुतात. ज्याची पाटी, त्यानं रडावं लागतं जरा.
तेवढं पाणी पुरतं."

तिच्या शेळ्या एकोणचाळीस.
वर्षानुवर्षं एकोणचाळीस,
कधी कोल्हा, कधी ताप, कधी अपरात्री आलेला पाहुणा
चाळीस होऊ देत नसे.
चाळिसांमागे एक द्यावी लागते, त्याखाली काही नाही.
लोक म्हणत, सुटलीस.
ती त्यावर हसत नसे.
मग ते करडू जन्मलं, एका कानानं पांढरं,
आणि तकबेर मोजायला बसली,
बोटं संपली तरी मोजत राहिली.
वर्ष भरलं त्या संध्याकाळी
दिवेलागण होऊन जाऊ दिली तिनं,
एक धडधाकट शेळी विधवा झैनबूच्या खुंट्याला बांधली,
हाक न मारता परतली.
चाल अशी, जणू मक्केहून आली.
मक्केला ती कधीच गेली नाही.
वाट परवडेल त्यानं जावं, एवढंच तिनं आम्हाला शिकवलं होतं.
सकाळी मोजणी: एकोणचाळीस.
तेव्हा मात्र ती हसली.

तिला बायकांनी पाण्यानं न्हाऊ घातलं, विहीर भरलेली होती.
कूस किब्ल्याकडे. उशाला एक दगड, त्यावर नाव नाही.
पाटी मी मागून घेतली, कोरीच होती.

आता नुआधिबूच्या धक्क्यावर मी मासळीच्या पेट्या मोजतो.
छत्तीस, सदतीस, अडतीस,
चाळिसाशी जीभ अडते,
तोंडात डिंक येतो.
मुकादम ओरडतो, काय झालं रे,
पुढे मोज.