कड

रात्रीचे अकरा. तार्तू. नदी गोठलेली.
उबवणीच्या कपाटात तीस अंश,
बाहेर उणे एकोणीस.
उस्तिन्या काचेच्या ताटलीवर वाकते
आणि वहीत लिहिते:
कड सरकली. पाऊण मिलिमीटर.

कोण सरकलं, हे मात्र तिला झोपू देत नाही.
या वाणाच्या जिवाणूंना शेपट्याच नाहीत,
जनुकातूनच छाटल्यात, मुद्दाम.
तरी वसाहत पसरते.

त्यांनी फक्त एक चीक सोडला आपल्याभोवती,
साखरेच्या लांबच लांब धाग्यांचा,
आणि चिकाला तहान लागली.
खालच्या जेलीतलं पाणी वर चढलं,
चीक फुगला, भिजत घातलेल्या डिंकासारखा,
आणि फुगता फुगता सगळा गोतावळा
बाहेर ढकलत गेला.
चालणं नाही हे.
तहानेचं पसरणं.

मधल्यांची गत निराळी.
खालून जेली धरून ठेवते,
शेजारी हटत नाहीत,
आणि वाढायचं तर कुणीच थांबत नाही.
मग आडवे पडलेले एकेक करून उभे राहतात
आणि अख्खा पापुद्रा सुरकुततो
फुंकर घातलेल्या सायीसारखा.

हेल्वेबाई फळ्यावर लिहितात: घर्षण, जाडी, ताठरपणा,
आणि बरोबरच्या चिन्हापलीकडे
दोन सुरकुत्यांमधलं अंतर.
उस्तिन्याला पेइप्सी सरोवर आठवतं.
कांद्याच्या पोत्यावर बसून जाळं सांधणारा बाप, फेओफान.
मार्चमध्ये वारा सुटला की बर्फाची सलग चादर
काठावर येऊन आदळायची,
कुंपणाएवढे निळे तुकडे उभेच्या उभे.
"जागा नाही मिळाली की आडवं उभं होतं,"
तो म्हणायचा, दाढीतला बर्फ झटकत.
"माणसाचंही तेच. पण माणूस बोलतो फार."

गेल्या वर्षी त्याच्या लघवीच्या नळीत
अशीच साय धरली.
औषध आतपर्यंत पोचत नाही, डॉक्टर म्हणाले.
तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली होती.
कड अगदी स्पष्ट.
तेव्हा मोजली नाही.

पहाटे चार.
आजची जेली जरा जास्तच सुकलेली.
खालचं ओढून धरणं आणि वरची तहान
कुठेतरी तोडीस तोड झाली असणार.
ती लिहिते: शून्य.
खोडते.
लिहिते: थांबली.

मग नळाखाली पेला धरते
आणि उभ्याउभ्याच
सगळं पाणी पिते.