तांब्याची चकती

डोंगराच्या पोटात काय चाललंय, मला माहीत नाही.
मी गाडी चालवतो.
काशानच्या हॉटेलपासून फाटकापर्यंत अडतीस किलोमीटर,
मग फाटकाबाहेर तुतीच्या झाडाखाली
चार तास थांबणं.

झ्देन्काबाई मागच्या सीटवर बसतात, मांडीवर पेटी.
पेटीत तार, कातर,
आणि तांब्याच्या चकत्या, कोटाच्या बटणाएवढ्या.
एकदा दाखवली त्यांनी. आतून ओरखडे काढलेले असतात,
प्रत्येकीचे निराळे, तळहातावरच्या रेषांसारखे.
कोणी दार उघडलं तर तार तुटते,
चोरून दुसरी चकती लावली तर ओरखडे जुळत नाहीत.
"एवढंच?" मी म्हटलं.
"एवढंच," त्या म्हणाल्या, आणि काच खाली केली,
कारण कमसरचे गुलाब त्याच आठवड्यात फुलले होते.

एवढंच.
तिकडे कुणाच्या तरी संसदेत बाकं बडवतात,
इकडे शुक्रवारी चौकात मुठी वर जातात,
आणि मधे हे बटणाएवढं तांबं.

मेहुणा फरीबोर्झ म्हणतो,
कुत्र्याला दात असले की पोरं दगड मारत नाहीत.
मी म्हणतो, पिसाळल्याचा संशय आला
की दात बघूनच गोळी घालतात.
तो साखरेचा खडा दातांत धरून चहा ओढतो. मीही.
भांडण खड्याबरोबर विरघळतं
पुढच्या शुक्रवारपर्यंत.

खरं सांगायचं तर मी त्याच्याहून फार वेगळा नाही.
माझा थोरला भाऊ होर्मोझ दलदलीच्या आघाडीवर होता.
लसणासारखा वास आला, म्हणाला, मग डोळे गेले,
मग एकोणीस वर्षं खोकला.
भिंतीपलीकडचा तो खोकला ऐकत
आमची पोरं पाढे शिकली.
त्या वर्षी कोणी पेटी घेऊन आलं नव्हतं.
कोणी काही मोजलं नव्हतं.

हे मी झ्देन्काबाईंना सांगितलं, एकदाच, घाटात,
आरशात न बघता.
बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या,
"तेव्हा यायला हवं होतं."
माफी नव्हती ती. मोजणाऱ्या माणसाचं वाक्य होतं,
इतकं हवं होतं, इतकं कमी पडलं.

माझा सियामक वरच्या कड्यावर तोफेपाशी असतो.
विमानं आली तर आधी त्यालाच शोधतील.
म्हणून मी रस्त्यातला एकेक खड्डा चुकवतो,
म्हणून बाईंच्या चष्म्याची काच पुसायला
माझ्या खिशात धुतलेला रुमाल असतो.
हसाल तुम्ही.
ड्रायव्हरची मुत्सद्देगिरी, आणखी काय.

माहरुख गुलाबजल काढते.
तांब्याचा हंडा, कणकेनं लिंपलेलं झाकण, खाली मंद आच.
उतावळ्या सुनेला सांगते, जाळ वाढव हवा तर,
पाणी लवकर येईल, पण करपट येईल.
खरं आहे. पण तिच्या हंड्याखालचा जाळ तिच्या हातात आहे.
हा कुणाच्या हातात आहे
ते मला विचारू नका.

परवा निरोप आला, सगळे परत चला.
पहाटे तीनला विमानतळाच्या वाटेवर
कोमच्या पुढे मिठाचं मैदान पांढरं पडलं होतं.
"एकशे बारा चकत्या," त्या म्हणाल्या,
"सगळ्या जागच्या जागी. नीट बघून आले."
घराला कुलूप लावून निघालेली बाई
शेजारणीला सांगते तसं.
"आता बघणार कोण?" मी विचारलं.
त्यांनी पेटी अजून घट्ट धरली.

भाडं द्यायचं विसरल्या. मीही मागितलं नाही.
देणं राहिलं की माणूस परत येतो,
असं आमच्याकडे म्हणतात.
म्हणत नाहीत. मीच म्हणतो.

आज वीज गेलीय. सियामकचा फोन लागत नाही.
माहरुखनं दाराला दोन्ही कड्या घातल्या,
मग वर छताकडे बघितलं, आणि एक काढली.
मी अंगणात गाडीत बसून आहे, दिवे बंद, टाकी भरलेली.
साडेपाचला निघायची सवय.
लांब कुठेतरी काहीतरी गुणगुणतंय,
डास असेल.
काच खाली करतो,
नीट ऐकू यावं म्हणून.